महाराष्ट्रांतील आद्यमानवाचा काल : कांदिवलीचे थर व बोरीची राख

प्रस्तुत लेखाचा विषय या त्रैमासिकाच्या नेहमींच्या क्षेत्राबाहेरचा आहे, हें आरंभींच मान्य केलें पाहिजे. आमच्या वाचकांचा परिश्रम बहुधा बखरी, करीने, महजर, निवाडपत्रें आणि संस्कृत-प्राकृत पोथ्या यांवर होत असतो. आणि ज्या काळाविषयीं आम्ही येथें लिहिणार, त्या काळीं अक्षर तर नव्हतेंच, परंतु मातीचें मडकेंही नव्हतें. तथापि या विषयांत सुमारें शंभर वर्षें जो वाद चालला आहे तो मुळांत कालनिर्णयाचा वाद आहे, आणि त्यांतील पूर्वपक्ष व उत्तरपक्ष जुन्या कागदांशीं झुंजणाऱ्या मनुष्यास अगदीं ओळखीचे वाटतील, अशी आमची खात्री आहे.

शिवजन्माचा शक १५४९ कीं १५५१, या एका प्रश्नावर महाराष्ट्रानें किती शाई खर्च केली तें वाचकांस विदित आहेच. तेथें अंतर होतें अवघें तीन वर्षांचें. येथें पुणें जिल्ह्यांतील एकाच गांवच्या एकाच राखेच्या थरावरून, महाराष्ट्रांत मनुष्य १४ लक्ष वर्षांपूर्वीं होता, पावणेसात लक्ष वर्षांपूर्वीं होता, आणि ती राख अवघ्या पाऊण लक्ष वर्षांची आहे, अशीं तीन विधानें छापून निघालेलीं आहेत. पहिल्या व तिसऱ्या आंकड्यांत अठरा पटींहून अधिक अंतर आहे. इतिहासाचीं पुस्तकें लिहिणारे यांपैकीं जो आंकडा हातीं येईल तो घेतात व तो वादग्रस्त आहे हें सांगत नाहींत. म्हणून या वादाची एकवार साद्यंत मांडणी करणें अवश्य वाटलें.

एक : पुराव्यांतील तीन काल

ज्ञानेश्वरीची एखादी जुनी प्रत हातीं आली, तर तिच्यांत निदान तीन काल संभवतात. ग्रंथरचनेचा काल शके १२१२. नाथांनीं पाठशुद्धि केली तो काल शके १५०६. आणि ती विशिष्ट प्रत ज्या लेखकानें ज्या दिवशीं पूर्ण केली तो तिसरा काल. लेखक मागील प्रतीची पुष्पिका जशीच्या तशी उतरून घेतो, तेव्हां हे तीन काल एकमेकांत मिसळतात व अनभ्यस्त वाचक दोनशें वर्षांच्या कागदास साडेचारशें वर्षांचा समजून बसतो. अशा वेळीं आपण कागद, शाई आणि अक्षरवळण पाहतों. कागदांत जलचिन्ह असेल तर प्रत त्याहून जुनी नव्हे, एवढें तरी निश्चयानें म्हणतां येतें.

दगडाच्या हत्याराचेंही असेंच आहे. हत्यार घडविलें गेलें तो एक काल. तें ज्या गाळांत सांपडतें तो गाळ सांचला तो दुसरा काल. आणि त्या गाळांतील ज्या द्रव्यावरून वर्षें मोजलीं जातात, त्या द्रव्याच्या उत्पत्तीचा तिसरा काल. नदी जुन्या कांठांतील हत्यार उपटून नव्या वाळूंत नेऊन टाकते, म्हणजे जुनें पान नव्या पोथींत बांधलें जातें. उलट, वरच्या थरांतील वस्तु भेगेंतून वा बिळांतून खालीं उतरते, म्हणजे नवें पान जुन्या पोथींत प्रक्षिप्त होतें. प्रयोगशाळेंत जो आंकडा निघतो तो बहुधा तिसऱ्या कालाचा असतो; पुस्तकांत तो पहिल्या कालाचा म्हणून छापला जातो. पुढील सर्व वादाचें मूळ येथें आहे.

दोन : कांदिवलीचे थर

भारतांत पुराश्मयुगीन हत्यार शास्त्रीय रीतीनें प्रथम ओळखलें गेलें तें ३० मे १८६३ रोजीं, मद्रासजवळ पल्लावरम येथें, रॉबर्ट ब्रूस फूट या भूगर्भशास्त्रज्ञाकडून. त्यानंतर मद्रासकडे हत्यारें विपुल मिळूं लागलीं. परंतु दख्खनच्या बसाल्ट नांवाच्या काळ्या पाषाणाच्या मुलुखांत हत्यारास योग्य असा क्वार्ट्झाइट दगड नाहीं, सबब येथें त्या युगाचा मनुष्य राहिला नसावा, असा समज दीर्घकाल प्रचलित होता. पुरावा मिळाला नाहीं येवढ्यावरून पुरावा नाहींच असें ठरविण्याचा हा दोष आमच्या क्षेत्रांतही कमी नाहीं. पुढें नाशिकजवळ गंगापूर येथें गोदावरीच्या कांठीं डॉ. हसमुख धीरजलाल सांकळिया यांस हत्यारें मिळालीं, व १९५२ सालीं त्यांचा ग्रंथ निघाल्यावर हा समज मावळला. गोदावरीच्या मनुष्यानें क्वार्ट्झाइटाची वाट न पाहतां काळ्या पाषाणाचींच हत्यारें घडविलीं होतीं.

मुंबईच्या उपनगरांत मात्र हा पुरावा त्याच्या पूर्वींच उजेडांत आला होता. के. आर. यू. टॉड या आरमारी अधिकाऱ्यानें सालसेट बेटांत भटकून कांदिवली येथील उघडे पडलेले थर तपासले, आणि १९३२ व १९३९ सालीं त्याचे लेख इंग्लंडांतील नियतकालिकांत प्रसिद्ध झाले. तळच्या थरांत ओबडधोबड हत्यारें व हातकुऱ्हाडी, त्यावर कपच्यांचीं हत्यारें, त्यावर पातीं व कोरणीं, आणि अगदीं वर सूक्ष्मास्त्रें, असा सुरेख क्रम त्यानें मांडला. एकाच छेदांत पुराश्मयुगाचा आरंभापासून अंतापर्यंत इतिहास सांपडल्यामुळें कांदिवलीचें नांव पुढील वीस-पंचवीस वर्षें भारतीय प्रागितिहासाच्या प्रत्येक ग्रंथांत येत राहिलें.

पण या क्रमास वर्षें कोणतीं लावावयाचीं? तेथें राख नाहीं, आणि किरणोत्सर्गी कर्बाची पद्धति तर १९४९ नंतरची, शिवाय सुमारें ५० सहस्र वर्षांपलीकडे ती चालत नाहीं. सबब टॉडपुढें एकच मार्ग होता. युरोपांतील, विशेषतः फ्रान्समधील, हत्यारांच्या आकारांशीं तुलना करून त्यांचींच नांवें येथील हत्यारांस द्यावयाचीं. केवळ अक्षरवळणावरून शक ठरविण्यासारखें हें आहे. वळण उपयोगी पडतें, परंतु काशीच्या लेखकाचें वळण कोंकणांतल्या लेखकास लावून चालत नाहीं. नंतरच्या संशोधकांनीं हा क्रम जसाच्या तसा मान्य केला नाहीं. हत्यारें खरीं, पण थरांची मांडणी व नांवें पुन्हा तपासावीं लागतील, असें मत पडलें.

यांतील अडचण केवढी आहे तें समजण्यास आम्हांस दूर जावें लागलें नाहीं. आमची वस्ती विक्रोळीस. पूर्वेस ठाण्याच्या खाडीची खारफुटी, पश्चिमेस पवईकडच्या टेकड्या, आणि त्यांच्याही पलीकडे राष्ट्रीय उद्यानाचा डोंगर ओलांडला कीं कांदिवली. या बेटावर वर्षास दोन सहस्र मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. एका श्रावणांत आमच्या जवळच्या टेकडीचा लाल मुरूम घसरून खालच्या काळ्या मातीवर येऊन बसला. पाऊस उघडल्यावर तो खणून काढतांना त्याच्या तळाशीं मंगलोरी कौलाचे तुकडे निघाले. मुरूम लक्षावधि वर्षांचा, कौल फार तर पन्नास वर्षांचें. तरी कौल खालीं आणि मुरूम वर. उतारावरचा थर वाचतांना वरचें तें नवें आणि खालचें तें जुनें हा नियम डोळे मिटून लावतां येत नाहीं, याचा याहून सोपा दृष्टान्त आम्हांस ठाऊक नाहीं.

पुढें टॉडचे लेख वाचून आम्ही कांदिवलीस तो छेद पाहावा म्हणून गेलों. टेकडीच्या पायथ्याशीं उंच इमारती उभ्या आहेत. थर दिसावा अशी उघडी जागा आम्हांस आढळली नाहीं. ज्या पोथीच्या पाठाविषयीं वाद आहे ती पोथीच जळून जावी, आणि तिच्या एका वाचकानें केलेलें टिपण तेवढें उरावें, तशी ही स्थिति होय.

तीन : बोरीची राख

आतां वादाच्या मुख्य स्थळाकडे वळूं. जुन्नर तालुक्यांत कुकडी नदीच्या कांठीं बोरी हें गांव आहे. तेथील नदीच्या गाळांत ज्वालामुखीच्या राखेचा थर आहे, आणि त्याच्या सान्निध्यांत हातकुऱ्हाडी, फरशा इत्यादि अॅशुलियन पद्धतीचीं हत्यारें सांपडलीं. डेक्कन कॉलेजांतील शरद राजगुरु, शीला मिश्रा, रवि कोरीसेट्टर आदि संशोधक व अहमदाबाद येथील फिजिकल रिसर्च लॅबोरेटरीचे शास्त्रज्ञ यांनीं मिळून १९८९ सालीं ही राख प्रसिद्धीस आणली. हत्यारांशेजारीं राख मिळणें म्हणजे अनामिक पोथींत एकाएकीं शक लिहिलेलें पान मिळणें होय; म्हणून विद्वानांस झालेला आनंद स्वाभाविक होता.

राखेंतील शक वाचण्याची रीत अशी. पोटॅशियम या धातूचा एक अत्यल्प अंश किरणोत्सर्गी असून त्यांतील कांहीं भागाचें आर्गॉन वायूंत रूपांतर होत असतें. तो अंश निम्मा होण्यास सुमारें सव्वाशें कोटी वर्षें लागतात. ज्वालामुखीच्या तप्त रसांतून पूर्वींचा आर्गॉन निघून जातो, रस थिजला कीं नवा सांचूं लागतो. तेव्हां किती पोटॅशियमामागें किती आर्गॉन सांचला हें मोजलें कीं राख थिजल्यास किती वर्षें झालीं तें निघतें. या रीतीनें बोरीच्या राखेचें वय प्रथम १४ लक्ष वर्षें आलें. त्याच पक्षाच्या १९९५ च्या लेखांत तें सुमारें ६ लक्ष ७० सहस्र वर्षें, असें निम्म्याहून खालीं आलें.

मधल्या काळांत दुसरा पक्ष उभा राहिला. महाराष्ट्रांतील काळा पाषाण सुमारें ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वींचा. त्यानंतरच्या एवढ्या अलीकडच्या काळांत येथें अशी राख ओकणारा ज्वालामुखी नाहीं. मग ती आली कोठून? सुमात्रा बेटांतील तोबा ज्वालामुखीचा सुमारें ७४-७५ सहस्र वर्षांपूर्वीं जो प्रचंड स्फोट झाला, त्याची राख भारतभर पडली आहे. बोरीहून तें स्थळ तीन सहस्र किलोमीटरांहून दूर आहे. १९९३ सालीं आचार्य व बसू यांनीं भारतांतील या राखा तोब्याच्या त्या स्फोटाच्याच आहेत असें प्रतिपादिलें. १९९५ सालीं शेन, वेस्टगेट प्रभृतींनीं राखेंतील काचेच्या कणांची रासायनिक घटना ताडून तेंच सांगितलें, आणि १९९८ सालीं वेस्टगेट व त्यांचे सहकारी यांनीं भारतीय द्वीपकल्पांतील तोब्याच्या सर्व राखा याच एका स्फोटाच्या, असा निष्कर्ष छापला. येथें एक गोष्ट आवर्जून नमूद करण्यासारखी आहे. १९८९ च्या लेखावर ज्यांचें नांव होतें ते कोरीसेट्टर १९९५ च्या या विरोधी लेखाचेही सहलेखक आहेत. स्वतःचा पूर्वींचा शक स्वतःच पुन्हा तपासावयास घेणारे विद्वान आमच्या क्षेत्रांत अधिक असते तर अनेक वाद लवकर मिटले असते.

या पक्षाचा मुख्य आक्षेप असा, कीं मोजणीच्या नमुन्यांत जुने कण मिसळले असावेत. हा आक्षेप किती बळकट आहे तें साध्या त्रैराशिकानें कळतें. राख खरोखर ७५ सहस्र वर्षांची आहे असें धरूं, आणि तिच्या शंभर भागांत ६ कोटी ६० लक्ष वर्षांच्या काळ्या पाषाणाचा एक भाग मिसळला असें समजूं. दोहोंत पोटॅशियम समान असतें तर केवळ या एका भागामुळें हिशेब सुमारें ६ लक्ष ६० सहस्र वर्षांनीं फुगला असता. प्रत्यक्षांत बसाल्टांत पोटॅशियम पुष्कळ कमी, म्हणून भेसळ त्या मानानें अधिक असावी लागेल. तरीही, जेथें नदीची सगळी वाळूच काळ्या पाषाणाची तेथें अशी भेसळ अशक्य म्हणवत नाहीं.

परंतु पहिल्या पक्षासही उत्तर आहे. काचेची रासायनिक घटना जुळली म्हणजे डोंगर ओळखला गेला. स्फोट ओळखला गेला असें होत नाहीं. तोब्याचा आणखी एक महास्फोट सुमारें ८ लक्ष वर्षांपूर्वीं झालेला आहे व त्याच्या काचेची घटना बरीचशी तशीच आहे. बाप व मुलगा यांचें अक्षर एकसारखें असावें आणि दप्तर एकच असावें, तेथें केवळ अक्षरावरून कागद मुलाचाच असें म्हणणें धाडसाचें होय. दुसरें असें, कीं बोरीचीं हत्यारें अॅशुलियन पद्धतीचीं आहेत, आणि ती पद्धति ७५ सहस्र वर्षांपूर्वीं बहुतेक ठिकाणीं लोपली होती. २०१४ सालीं आर्गॉनाच्या सुधारलेल्या पद्धतीनें केलेलीं नवीं मापनें प्रसिद्ध झालीं. त्यांत बोरीच्या राखेचें वय सुमारें ७ लक्ष व मोरगांवच्या राखेचें सुमारें ८ लक्ष वर्षें आलें. म्हणजे जो पक्ष १९९८ सालीं हरला असें वाटत होतें तो पुन्हा उभा राहिला.

चार : अमेरिकेंतील तसाच वाद

अशा वादांचें पर्यवसान कसें होतें, हें पाहण्यास अमेरिकेचें उदाहरण उपयोगी आहे. त्या खंडांत मनुष्य फार प्राचीन नाहीं, असें मत अलेश ह्रड्लिच्का यांच्यासारख्या विद्वानांनीं इतक्या कठोरपणें धरलें होतें कीं विरुद्ध पुरावा आणणाऱ्याची गय होत नसे. १९२७ सालीं न्यू मेक्सिकोंत फॉल्सम येथें नष्ट जातीच्या गव्याच्या फासळ्यांमध्यें भाल्याचें पातें रुतलेलें सांपडलें. उत्खननकारांनीं पातें जागेवरून न हलवितां इतर विद्वानांस तारा पाठवून बोलाविलें, आणि सर्वांनीं तें डोळ्यांनीं पाहिल्यावर वाद मिटला. पुढें क्लोव्हिस पद्धतीचीं सुमारें १३ सहस्र वर्षांपूर्वींचीं पातीं मिळालीं, आणि त्याहून जुना मनुष्य त्या खंडांत नाहीं, असा नवा सिद्धान्त पूर्वींच्याच कठोरपणें रूढ झाला. चिलींतील मोंते व्हेर्दे येथें टॉम डिलेहे यांस सुमारें साडेचौदा सहस्र वर्षांपूर्वींची वस्ती आढळली; तिला मान्यता मिळण्यास वीस वर्षें लागलीं, आणि ती मिळाली तीही १९९७ सालीं शंकेखोर विद्वानांचा एक गट प्रत्यक्ष स्थळीं जाऊन आल्यावर.

२०२१ सालीं न्यू मेक्सिकोंतच व्हाइट सँड्स येथील मनुष्याच्या पावलांचे ठसे २१ ते २३ सहस्र वर्षांपूर्वींचे आहेत, असें प्रसिद्ध झालें. काल काढला होता ठशांच्या थरांतील पाणवनस्पतीच्या बियांवरून. तत्काळ आक्षेप आला कीं पाण्यांतील वनस्पति पाण्यांत विरघळलेला जुना कर्ब शोषून घेते, त्यामुळें बी तिच्या खऱ्या वयाहून जुनें दिसतें. बोरीच्या भेसळीचाच हा आक्षेप, द्रव्य मात्र निराळें. संशोधकांनीं वादविवाद न वाढवितां दोन निराळे साक्षीदार आणले : जमिनीवरील सूचिपर्णी वृक्षांचे परागकण, आणि गारेच्या कणांवर शेवटचा सूर्यप्रकाश केव्हां पडला तें सांगणारी पद्धति. २०२३ सालीं दोहोंचें उत्तर पहिल्याशीं जुळलें. याउलट कॅलिफोर्नियांतील हत्तीसारख्या प्राण्याच्या फुटक्या हाडांवरून १ लक्ष ३० सहस्र वर्षांपूर्वींचा मनुष्य २०१७ सालीं मांडला गेला. तेथें काल चांगला मोजलेला आहे, परंतु हाडें मनुष्यानेंच फोडलीं हें बहुतेकांस पटलेलें नाहीं. काल खरा, पण तो मनुष्याचा नव्हे, असेंही घडूं शकतें.

पांच : आमचें मत

वरील विवेचनावरून आम्हांस जें योग्य वाटतें तें क्रमानें सांगतों.

पहिलें, बोरीवरून १४ लक्ष वर्षांचा आंकडा पुढें लिहूं नये. त्याच पक्षाच्या नंतरच्या मापनानें तो बाजूस सारलेला आहे.

दुसरें, बोरीची राख पाऊण लक्ष वर्षांची कीं सात-आठ लक्ष वर्षांची, हा वाद खुला समजावा, व लिहितांना दोन्ही आंकडे द्यावे. एकाच आंकड्यानें वाचकास निश्चिंत करणें हा अप्रामाणिकपणा होईल.

तिसरें, आणि आमच्या मतें सर्वांत महत्त्वाचें, महाराष्ट्रांतील मनुष्याची प्राचीनता या एका राखेवर टांगलेली नाहीं. प्रवरेच्या कांठीं नेवासें येथील अॅशुलियन थराचें वय युरेनियम-थोरियम पद्धतीनें काढलें असतां तें त्या पद्धतीच्या मर्यादेपलीकडे, म्हणजे साडेतीन लक्ष वर्षांहून अधिक निघालें. ही साक्ष राखेची नव्हे. नदीच्या गाळांत सांचलेल्या चुन्याची आहे. तमिळनाडूंत कोर्तलैयार नदीच्या खोऱ्यांत अत्तिरमपक्कम येथें शांति पप्पू व त्यांचे सहकारी यांनीं २०११ सालीं हातकुऱ्हाडींचा काल सुमारें १५ लक्ष वर्षें दाखविला. तोही दोन परस्परनिरपेक्ष रीतींनीं, गाळाच्या चुंबकत्वावरून व गारेंत सांचलेल्या विशिष्ट द्रव्यांवरून. तेव्हां बोरीची राख उद्यां निश्चितपणें पाऊण लक्ष वर्षांची ठरली, तरी हत्यारें तेवढीच नवीं ठरत नाहींत. जुनीं हत्यारें नव्या राखेसह पुन्हा वाहून आलीं, एवढाच अर्थ निघेल. आणि ती सात-आठ लक्ष वर्षांची ठरली, तरी हत्यार राखेच्या थरांत, खालीं कीं वर होतें, हें पाहिल्यावांचून हत्याराचा काल सांगतां येणार नाहीं.

चौथें, कांदिवलीचा क्रम टॉडचें टिपण म्हणून वाचावा, प्रमाण म्हणून उद्धृत करूं नये. सालसेटांत पुराश्मयुगीन मनुष्य होता हें हत्यारांनीं सिद्ध आहे. तो केव्हां होता हें सांगणारा थर मात्र आपल्या डोळ्यांदेखत नाहींसा होत आला आहे.

यावरून आमच्या संग्राहक वाचकांस एक विनंति आहे. कोणा घराण्यांतून पोथी आली, कोणत्या रुमालांत होती, तिच्याबरोबर आणखी कोणते कागद होते, याची नोंद न करतां पोथी उचलून आणणें हा अपराध आहे, हें आपण आतां मानूं लागलों आहों. दगडांविषयीं ती जाणीव अजून आलेली नाहीं. टेकडी तोडतांना, विहीर वा पाया खणतांना असें हत्यार दृष्टीस पडलें, तर तें उचलूं नये, धुवूं नये. जागेवर असतांनाच त्याचें छायाचित्र घ्यावें, जमिनीपासूनची खोली मोजावी, वरच्या व खालच्या मातीचा रंग लिहून ठेवावा आणि पुरातत्त्व खात्यास अगर डेक्कन कॉलेजास कळवावें. शेवटच्या सूर्यप्रकाशाचा काल सांगणारी जी पद्धति व्हाइट सँड्स येथें उपयोगी पडली, तिला अंधारांत राहिलेली मातीच लागते. मूठभर माती उन्हांत धरली कीं ती साक्ष कायमची पुसली जाते. ज्यांच्या कपाटांत वाडवडिलांनीं सालसेटांतून आणलेलीं जुनीं हत्यारें असतील, त्यांनीं ती कोठें व केव्हां मिळालीं याविषयीं घरांत जी आठवण उरली असेल ती आजच लिहून हत्याराबरोबर ठेवावी. घरांतील वडील माणसें आहेत तोंवरच तें शक्य आहे.